झोपायला सहा, जेवायला किती?

आरव्हीच्या, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशा गाडीच्या, ब्रोशरवर एक आकडा नेहमी ठळक छापलेला असतो: ‘स्लीप्स सिक्स’, सहा जण झोपतात. कधी चार, कधी आठ. एकदा तर मी दहा वाचलं, आणि ती गाडी आमच्या दादरच्या खोलीपेक्षा लहान होती. (दादरच्या खोलीत आम्ही नऊ जण झोपायचो, त्यामुळे फार हसताही आलं नाही.) दोन वर्षं मी ही चाकांवरची घरं बघत हिंडले. किती माणसं झोपतात हे प्रत्येक कागदावर होतं. एका वेळी किती जेवतात, ते एकाही कागदावर नव्हतं.

न्यू जर्सीत येऊन आम्हाला एकतीस वर्षं झाली. नवरा निवृत्त व्हायच्या बेतात होता आणि ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं घर, घेऊन देशभर हिंडायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मी म्हटलं, विकत घ्यायच्या आधी एकदा भाड्यानं घेऊन बघू. म्हणून एक मोटरहोम, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारी, घेतली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती, ‘क्लास सी’ म्हणतात तिला. संध्याकाळी ती ताब्यात घेताना आतून ऐसपैस होती. टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना गुबगुबीत बाकं, समोर ओटा, मधून आरामात चालता येईल अशी वाट. मी खूश.

दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनियात आय-८० वरच्या एका रेस्ट एरियात जेवायला थांबलो, तेव्हा ती वाट गायब झालेली. याला स्लाइड म्हणतात. भिंतीचा एक अख्खा तुकडा, टेबल-बाकांसकट, कपाटाच्या ड्रॉवरसारखा बाहेर सरकतो. मुक्कामाला पोचलात की बटण दाबायचं आणि खोली रुंद करायची. रस्त्यावर मात्र तो आत घ्यावा लागतो, आणि आत घेतला की बाक थेट ओट्याला येऊन भिडतं. रेस्ट एरियात आमच्या शेजारी हातभर अंतरावर अठरा चाकी ट्रक उभा. स्लाइड उघडणार कुठे? पुढच्या सीटवरून मागे जायला मला आडवं होऊन सरकावं लागलं. फ्रिजचं दार बाकाला अडून चार बोटं उघडलं. दही आत, आम्ही बाहेर. दशम्या आणि लसणीची चटणी, उभ्या उभ्या, सिंकवर वाकून. नवरा म्हणाला, ‘अॅडव्हेंचर!’ मी काही बोलले नाही, पण तिथेच ठरवलं की गाडीचा नकाशा आता मी वाचणार.

तर फ्लोअर प्लॅन. हा नकाशा वरून काढलेला असतो, छप्पर उचलून आत डोकावल्यासारखा, आणि तो कायम सगळ्या स्लाइड उघडून काढतात. स्लाइड बंद असताना आत काय होतं ते काढत नाहीत. आमचा पहिला धडा हाच: कुठलीही गाडी बघताना विक्रेत्याला आधी स्लाइड बंद करायला सांगायची आणि मग आत शिरायचं. फ्रिज उघडतो का, संडासापर्यंत पोचता येतं का, आणि टेबलाशी बसता येतं का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक विक्रेते हसायचे.

मॉडेलच्या नावातली अक्षरंही शिकून घ्यावी लागतात. आधी एक आकडा, तो साधारण लांबीचा, मग अक्षरं. बीएच म्हणजे बंकहाउस, पोरांसाठी एकावर एक बर्थ. आरएल म्हणजे मागे बैठक, आरके म्हणजे मागे स्वयंपाकघर. आरबीचा मात्र घोळ आहे. बऱ्याच कंपन्यांत त्याचा अर्थ मागे बाथरूम, आणि एअरस्ट्रीम कंपनीच्या गाड्यांत मागे पलंग. या अक्षरांत जेवणाची जागा बहुधा नसतेच. पलंग, बाथरूम, बैठक, ओटा यांना आपापल्या जागा मिळतात, आणि मग उरेल तिथे टेबल.

पूर्वी असं नसावं. शिकागोला जाताना आम्ही इंडियानात एल्कहार्टला थांबलो होतो. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही या गावात आणि आजूबाजूच्या टापूत बनतात, तिथल्या कारखान्यांत आमिश, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, कारागीरही पुष्कळ. गावाच्या कडेला हायवेला लागूनच आरव्हीचं संग्रहालय आहे. तिथे १९१३ सालचा ‘अर्ल’ नावाचा ट्रेलर उभा आहे, पुढे फोर्डची मॉडेल टी जोडलेली. त्याच्या पुढच्या रांगांतले जुने ट्रेलर मी एकेक करून खिडकीतून डोकावून पाहिले. बऱ्याच ट्रेलरांत टेबल एका टोकाला होतं, गाडीच्या पूर्ण रुंदीच्या खिडकीशी. गाडीतली सगळ्यांत चांगली जागा जेवणाला. मग स्लाइड आल्या. तिथून जवळच्याच नॅपनीच्या न्यूमार कंपनीनं १९९० मध्ये हा प्रकार आणला आणि हळूहळू सगळ्यांनी उचलला. माझा आपला अंदाज असा की टेबल तेव्हा टोकावरून उठून बाजूच्या भिंतीला गेलं. बाजूची भिंत बाहेर सरकवता येते, मग तिथे सरकवण्यासारखं सामान हवं, आणि टेबल-बाक त्यात नेमकं बसतं.

बाजूला गेलं म्हणजे बहुधा डाव्या बाजूला. हे कळायला मला एक अख्खा मुक्काम लागला. इथे गाडीचं दार उजवीकडे. दाराबाहेर ऑनिंग, म्हणजे उघडमीट होणारं कापडी छप्पर, त्याखाली खुर्च्या, शेकोटी, सगळं अंगण तिकडे. डावीकडे पाण्याचा पाइप, विजेची केबल आणि सांडपाण्याची ती जाडजूड नळी. स्लाइड शक्यतो डावीकडे देतात, कारण उजवीकडे अंगण अडतं. म्हणजे आपण ताट घेऊन बसतो तेव्हा खिडकीखाली आपलीच संडासाची नळी असते आणि समोर शेजाऱ्यांचं अंगण. पहिल्या मुक्कामाला मी आमटीभाताचा घास हातात घेऊन वर पाहिलं, तर समोरचे एक आजोबा बनियनवर बसून दाढी करत होते. त्यांनी हात हलवला. मीही हलवला, डावा.

सासूबाईंच्या मिरजेच्या घरात प्रत्येकाची जेवायची जागा ठरलेली होती. सासरे परसदाराकडे तोंड करून, कारण तिथून पारिजातक दिसायचा. धाकटे दीर खांबाला टेकून. आई स्वतः सगळ्यांत शेवटी, चुलीशेजारच्या कडेच्या पाटावर, की हात लांब केला की पातेलं. मी नवी असताना चुकून खांबाशी बसले होते, तर दीर माझ्यासमोर उभे राहून घसा खाकरत राहिले. पुढे त्या घरात डायनिंग टेबल आलं. त्यावर वर्षभर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या पडायच्या आणि पाट पूर्वीसारखेच मांडले जायचे.

सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियात हर्शीला आरव्हींचं मोठं प्रदर्शन भरतं. चॉकलेटचं गाव ते, वाऱ्याची दिशा बरी असेल तर वासही येतो. तिथे जाताना मी पिशवीत चार स्टीलची ताटं आणि चार वाट्या घेतल्या. नवरा म्हणाला, ‘अगं, टेप घे की.’ टेपनं इंच कळतात, ताटानं जेवण कळतं. आमची ताटं बारा इंची. मी प्रत्येक गाडीत शिरून टेबलावर ती चार ताटं मांडायची आणि मधे आमटीच्या पातेल्याला जागा उरते का ते बघायची. एका तरुण विक्रेत्यानं बराच वेळ हे पाहिलं आणि विचारलं, ‘मॅम, ही ताटं दाखवायला आणलीत की विकायला?’

त्या दिवशी ताटांनी बरंच काही सांगितलं. समोरासमोरची दोन बाकं आणि मधे टेबल, ज्याला बूथ म्हणतात, तिथे समोरासमोरची ताटं नाकाला नाक लावून बसली. पातेल्याला चार बोटंही नाहीत. शिवाय टेबलाचा पाय घट्ट रोवलेला, त्यामुळे टेबल पुढे-मागे होत नाही. माणसाला आपलं पोट पुढे-मागे करावं लागतं. माझं होईना. नवऱ्याचं त्याहून होईना. सुटं टेबल आणि चार खुर्च्या हा प्रकार मोठ्या गाड्यांत मिळतो. बसायला उत्तम, पण निघताना खुर्च्या पट्ट्यांनी बांधाव्या लागतात, विसरलात तर मागच्या मागे त्यांची मारामारी. घोड्याच्या नालेसारखं तीन बाजूंनी बाक असतं, त्या ‘यू’ डिनेटवर (डिनेट म्हणजे गाडीतलं जेवायचं टेबल-बाक) ताटं छान बसली, पातेलंही बसलं. फक्त मधल्या माणसानं जेवणाआधी हात धुऊन घ्यावेत, कारण एकदा आत गेला की कडेचा उठल्याशिवाय सुटका नाही.

आणि हे सगळं रात्री पलंग होतं. टेबल खाली पाडायचं, बाकांच्या गाद्या मधे सरकवायच्या, की झाले ‘स्लीप्स सिक्स’ मधले दोघं. आपल्या रेल्वेतला साइड लोअर ज्यांनी भोगलाय त्यांना सांगायला नको. दोन सीट मिटवून बर्थ, आणि मधली ती फट नेमकी कमरेखाली. एका गाडीत या पलंगाची लांबी अडुसष्ट इंच लिहिली होती. पाच फूट आठ इंच. आमचा मुलगा पाच दहा. शिवाय ज्यानं तिथे झोपायचं त्यानं सगळ्यांचं जेवण उरकून टेबल रिकामं होईपर्यंत जागं राहायचं, आणि सकाळी चहाच्या आधी उठायचं. दादरला हेच आमच्या मामाचं व्हायचं.

नवऱ्याचं मत मात्र वेगळं होतं. त्याला टेबलाच्या जागी दोन आरामखुर्च्या हव्या होत्या, थिएटर सीटिंग म्हणतात ती. पाय वर, कपाला खळगा, समोर टीव्ही. हल्ली हा पर्याय बऱ्याच मॉडेलांत मिळतो. त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. इथल्या कॅम्पग्राउंडमध्ये प्रत्येक जागेवर एक लाकडी पिकनिक टेबल असतंच. ‘बाहेर फुकटचं टेबल असताना आत जागा कशाला अडवायची?’ मी म्हटलं, पाऊस? डास? ऑक्टोबरची थंडी? आणि जिथे अस्वलं आहेत तिथे ताट बाहेर ठेवून मीठ आणायला आत जायचीही चोरी. तो म्हणाला, मग मांडीवर घेऊ ताट. मी फक्त विचारलं, ‘तुझी आई काय म्हणाली असती?’ हा डाव जरा नियमाबाहेरचा होता, कबूल आहे.

मला मनापासून आवडलं होतं ते मागचं स्वयंपाकघर. गाडीच्या पाठीला ओटा, तीन बाजूंना कपाटं, मोठी खिडकी, आणि फोडणीपासून पलंग शक्य तितका लांब. हा शेवटचा मुद्दा कुठल्याच ब्रोशरात नसतो. भाड्याच्या गाडीत शेगडीपासून उशी सहा फुटांवर होती आणि पाच रात्री आम्ही हिंगात झोपलो होतो. वर चिमणी होती, पण तिच्या बाहेरच्या तोंडाला एक झडप असते. ती प्रवासात खटक्यानं बंद ठेवायची आणि मुक्कामाला बाहेर जाऊन उघडायची. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी कळलं.

पण मागच्या स्वयंपाकघराला नवऱ्यानं आक्षेप घेतला आणि या वेळी तो इंजिनियर म्हणून बोलत होता. ट्रेलर म्हणजे सीसॉ. मधे चाकं, पुढे हिच, जिथे तो ट्रकला जोडतात. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर पडायला हवा. कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि ते एकदा वाढलं की आवरणं कठीण. म्हणजे चाकांच्या मागे जितकं वजन तितका पुढचा भार हलका. मग त्यानं माझ्या स्वयंपाकघराचं वजन केलं. खरंच केलं, बाथरूमच्या काट्यावर: तांदूळ, तीन डाळी, पीठ, दोन कुकर, बिडाचा तवा, पोळपाट, खलबत्ता. ‘एकशे बारा पाउंड,’ तो म्हणाला, ‘आणि तू अजून लोणच्याची बरणी धरलेली नाहीस.’ ट्रेलरच्या दाराशी बहुधा एक पिवळा स्टिकर असतो, किती सामान भरता येईल त्याचा. त्यातच पाणीही धरावं लागतं, आणि पाणी गॅलनला आठ पाउंडांहून जास्त. चाळीस गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पाउंड तिथेच गेले. खलबत्ता घरी राहिला.

शेवटी घेतला तो एक जुना, पंचवीस फुटी ट्रेलर, एका जोडप्याकडून. पुढे पलंग, ओटा मधे चाकांवर, आणि मागच्या टोकाला यू डिनेट, तिन्ही बाजूंना खिडक्या. स्लाइड एकही नाही. रेस्ट एरियात थांबलो की दार उघडायचं आणि सरळ जाऊन बसायचं. कॅम्पग्राउंडात गाडी बहुधा मागे घेऊन लावतात, म्हणजे पाठ झाडीकडे, तळ्याकडे, जे काही असेल तिकडे. आमचं टेबल तिथे. ताटं मांडून पाहिली, पातेलंही ठेवलं. विकणाऱ्या बाईंनी विचारलं नाही काही. नुसतं म्हणाल्या, ‘आम्ही इथे पत्ते खेळायचो.’

मागच्या टोकाचे तोटे लगेच कळले. चाकांच्या मागचा भाग रस्त्यावर सगळ्यांत जास्त उसळतो, शाळेच्या बसची मागची सीट आठवा. पहिल्याच फेरीत मसाल्याचा डबा मी ‘जरा वेळ’ म्हणून बाकावर ठेवला होता. मुक्कामाला दार उघडलं तर झाकण एकीकडे, चमचा एकीकडे आणि क्रीम रंगाच्या गादीवर हळद. इथल्या मैत्रिणींनी सांगितलेलं सगळं केलं: लिंबू, सोडा, ऊन. उन्हानं थोडी फिकी झाली. आता तो डाग साधारण गुजरातच्या आकाराचा आहे आणि नात त्यालाच आपली जागा म्हणते.

आणि एक गोष्ट तर माझ्या लक्षातच आली नव्हती. मागची मोठी खिडकी बघून मी ही गाडी निवडली, पण यूच्या मधल्या बाकावर जो बसतो त्याची खिडकीकडे पाठ असते. कडेच्या दोघांना ती बाजूनं दिसते, आगगाडीत दिसते तशी. मधल्याला समोर दिसतं सिंक. आणि वाढणारीला उठता यावं लागतं, म्हणून मी कायम कडेला, ओट्याच्या बाजूला, अर्धी टेकलेली. हात लांब केला की पातेलं.

यंदा सप्टेंबरात मेन राज्यात गेलो, अकेडिया नॅशनल पार्कात, ब्लॅकवुड्सच्या कॅम्पग्राउंडला. तिथे वीज-पाण्याची जोडणी नसते. बॅटरी, गॅस आणि टाकीतलं पाणी, एवढ्यावर भागवायचं. मुलगा, सून आणि नात बॉस्टनहून आले. ते तंबूत झोपणार होते, जेवायला आमच्याकडे. पहिल्या दिवशी ऑनिंगखाली चटई टाकून पंगत मांडली, नवरा म्हणाला, ‘बघ, म्हणत होतो ना, बाहेर.’ रात्री पाऊस सुरू झाला तो तीन दिवस. पिकनिक टेबलावर पाण्याचं थारोळं. तंबू गळला, तेव्हा अडुसष्ट इंचांचा प्रश्न पुन्हा आला. मुलगा तिरका झोपला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे आत. गरम भात, मेतकूट, तूप, कालची पातळभाजी. पाच माणसं, चार ताटं आणि नातीची वाटी. बाहेर स्प्रूसची झाडं धुक्यात बुंध्यापुरती उरलेली. मी नेहमीप्रमाणे कडेला टेकत होते, तर नवरा म्हणाला, ‘आत सरक.’

‘अरे, वाढायचंय.’

‘मी वाढतो. पापडही भाजतो. सरक आत.’

मी गुजरातवरून सरकत मधे जाऊन बसले. नात एका बाजूला, सून दुसऱ्या. पाठीला खिडकीचा गारवा. समोर सिंक, त्यात सकाळचे कप, आणि शेगडीपाशी नवरा, चिमट्यात पापड धरून, आम्हा सगळ्यांकडे बघत. पापडाकडे नाही. पापडानं एका कडेला पेट घेतला. त्यानं फुंकर मारली आणि चिमणीचं बटण दाबलं. चिमणी घुंईं करून चालू झाली आणि धूर आतल्या आतच फिरायला लागला. बाहेरची झडप तीन दिवस पावसात बंद होती. मग छतावरचा अलार्म कोकलायला लागला. नातीनं कानांवर हात घेतले. मुलगा म्हणाला, ‘बाबा, काहीतरी हलवा त्याच्याखाली!’ नवऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं, फ्रिजवर खोचलेला कागद उपसला आणि दोन्ही हातांनी अलार्मला वारा घालायला लागला. तो त्याच्या थिएटर सीटिंगवाल्या गाडीचा फ्लोअर प्लॅन होता, दोन वर्षांपूर्वीचा, त्यानं लॅमिनेट करून ठेवलेला. मला ठाऊकच नव्हतं.